मिठाने धरलेलं मशीन

काका गेल्यावर त्यांच्या होडीचं आउटबोर्ड मशीन पडवीतच राहिलं. १५ अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. काकूने भंगारवाल्याला बोलावलं, तर तो वजनकाटा घेऊनच आला. किलोवर भाव चालला होता आणि मला ते ऐकवेना. मी म्हटलं, काकू, एक पावसाळा थांब, मी उघडून बघते.

आमचं देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. इथे खिडकीची बिजागरीसुद्धा मीठ खातं. इथली बहुतेक मशिनं झिजायच्या आधीच मिठाने मरतात. मीठ मात्र काढता येतं, त्यामुळे मरू घातलेलं मशीन वाचायला चांगलाच वाव असतो.

जुनं मशीन राखायचं का, यावर गावात दोन मतं आहेत. टू-स्ट्रोक धूर ओकतं, तेल जाळतं, पाण्यावर तवंग सोडतं, हे सगळं खरं आहे. नवं फोर-स्ट्रोक त्या मानाने स्वच्छ. पण तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक पन्नास किलोच्या आसपास जातं आणि काकांचं चाळिशीच्या आत आहे. होडीवरून सोडून, खांद्यावर टाकून एकटा माणूस ते घरी आणू शकतो. उघडायला पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि धीर पुरतो. ज्याचं पोट एका होडीवर आहे, त्याच्या दृष्टीने हे लहान नाही.

आधी जीव आहे का ते पाहिलं. प्लग काढला, इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला आणि दोरी ओढली. ठिणगी निळी आणि जाड पडली. कॉम्प्रेशन गेज लावला, दोन्ही सिलिंडरचा आकडा जवळपास सारखा आला. म्हणजे पिस्टन, रिंगा शाबूत. काकूला विचारलं तर ती म्हणाली, शेवटी शेवटी खाडीत मशीन तापून बंद पडायचं, आणि मागची धारही बारीक झाली होती.

तिथेच दुखणं कळलं. आउटबोर्ड ज्या पाण्यात चालतं त्याच पाण्याने थंड राहतं. खाली गिअरकेसच्या वर, उभ्या शाफ्टवर रबराचा इम्पेलर असतो. तो पाणी ओढून नळीतून वर सिलिंडरभोवती फिरवतो आणि त्यातलं थोडं मागून धारेने बाहेर पडतं. आउटबोर्डची एकूण मांडणी फार जुनी. ओले एव्हिनरूड नावाच्या, नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला दीड अश्वशक्तीचं मशीन विकायला काढलं. त्यातही इंजिन वर, उभा शाफ्ट, खाली गिअर आणि पंखा असंच होतं. त्याच्या नावाची मशिनं २०२० मध्ये बनायची थांबली. जगात अजून चालताहेत ती बरीचशी घरोघरी उघडणाऱ्यांच्या जिवावर.

इम्पेलरपर्यंत पोचायला गिअरकेस उतरवावा लागतो. तो धरणारे बोल्ट चार. स्टेनलेसचा बोल्ट, ॲल्युमिनियमचं अंग आणि खारं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम कुजतं. त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते, फुगते आणि बोल्टला जखडून टाकते. तीन बोल्ट पान्याने करकरत का होईना, सुटले. चौथा हलेना. मी पान्याला पाइप लावायच्या बेतात होते, तेवढ्यात शेजारचे आबा कुंपणावरून ओरडले, "आधी तापय गो! तसोच जोर लावलंस तर तुटतलो!"

आबांचं आयुष्य होडीवर गेलंय, म्हणून त्यांचं ऐकलं. पेट्रोलची टाकी, नळी, चिंध्या सगळं परसात दूर नेऊन ठेवलं आणि मग टॉर्च पेटवली. ज्योत बोल्टवर धरायची नाही, भोवतालच्या ॲल्युमिनियमवर फिरवायची. तेच तापून जास्त प्रसरण पावतं आणि बोल्टला जागा देतं. मग भेदक तेलाचे थेंब, हातोडीचे हलके ठोके आणि थांबणं. पुन्हा तापवणं, पुन्हा तेल. नंतर पाना लावल्यावर बोल्ट एकदम सोडवायचा नाही. जरा उलटा, की लगेच जरा सुलटा, असं करत भुकटी मोकळी करायची. आबा बाकावर बसून नुसते आवाज ऐकत होते. कोरडी करकर थांबून आवाज ओला झाला, तेव्हा ते म्हणाले, "आता येतलो." आणि आला. आटे जसेच्या तसे होते. परत बसवताना चारी बोल्टना मरीन ग्रीस भरपूर चोपडलं. पुढे ज्याच्या हाती हे मशीन पडेल त्याचे कष्ट त्या बोटभर ग्रीसने वाचतील.

शिफ्ट रॉड सोडवून गिअरकेस खाली घेतला. इम्पेलरच्या सहा पाकळ्यांपैकी पाच एकाच बाजूला वाकून कडक झालेल्या, सहावी बुडापासून तुटलेली. नवा इम्पेलर मालवणात मिळतो. पण तेवढ्यावर भागवणं धोक्याचं, कारण तुटलेली पाकळी पाण्याबरोबर वरच गेली असणार. तशीच राहिली तर नवा इम्पेलर बसवूनही मशीन तापणार. तांब्याच्या नळीतून तार घातली, काही लागलं नाही. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं, तर आत खडीसाखरेसारखं मीठ. ते लाकडी काडीने खरवडलं, उरलेल्या चुनखडीवर व्हिनेगर सोडलं. ते फसफसून शांत झालं, आणि त्याच्या मागे, वळणाच्या तोंडाशी, काळ्या रबराचा नखाएवढा तुकडा निघाला. तुटक्या पाकळीला लावून पाहिला. कडा जुळली. मला एवढा आनंद झाला की तो तुकडा घेऊन मी स्वयंपाकघरात काकूला दाखवायला धावले.

थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून चुलीवर तापवला. पाणी चांगलं गरम झालं तसा तो उघडला, म्हणजे ठीक. कार्बोरेटरच्या वाटीत मात्र जुन्या पेट्रोलचा चिकट राप बसला होता आणि मेन जेटच्या भोकातून उजेड दिसत नव्हता. जेटमध्ये सुई घालू नये, भोक मोठं होतं. क्लीनर मारून तोंडाने फुंकण्यापेक्षा पंपाची हवा बरी. हल्ली पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या दमट हवेत असं पेट्रोल टाकीत पडून राहू देणं म्हणजे कार्बोरेटरशी वैर. जुनी रबरी नळी आणि हातपंपाचा फुगा दोन्ही मऊ पडले होते, तेही बदलले.

गिअर ऑइल काढलं तर दुधाळ. सीलमधून पाणी शिरत होतं. पंख्याच्या शाफ्टचे सील बदलून नवं ऑइल खालच्या भोकातून वर चढवत भरलं, वरच्या भोकातून ओघळ येईपर्यंत. वरून भरलं तर हवा अडकते.

मग अंगणात पिंप भरून मशीन त्याच्या काठाला लावलं. लिटरला २० मिली तेल घालून पेट्रोल कालवलं, चोक ओढला, दोरी ओढत राहिले. आधी नुसती धडधड, मग निळा धूर, मग चालू! काकू दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. आबांनी मात्र मागे बोट दाखवून विचारलं, "पाणी मारता मा?" मारत होतं, जोरात.

नारळी पौर्णिमेनंतर चुलतभावाने होडी खाडीत उतरवली. तो परतला की मशीन गोड्या पाण्यात चालवून धुतो आणि पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर कोरडा होऊ देतो. यात त्याने चुकारपणा केला तर मी त्याला बोलते. मशीनच्या अंगाऐवजी स्वतः कुजणारा झिंकचा ॲनोड अर्ध्याहून अधिक झिजलाय, तो मालवणहून यायचा आहे. शिवाय गिअर ऑइल लवकरच एकदा काढून बघायचंय. पुन्हा दुधाळ निघालं तर शाफ्टलाच चर पडलेली असणार, मग नुसत्या सीलने भागणार नाही.