अण्णाकाकांची लेन्स

आमच्या घरात ‘अण्णाकाकांची लेन्स’ ही म्हण होती. कुणी बाजारातून महागाची आणि भिकार वस्तू घेऊन आलं, की बाबा म्हणायचे, “झालं, आणलीत अण्णाकाकांची लेन्स!” मग सगळे हसायचे. मीपण.

काकांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. ऐंशीच्या दशकात त्यांनी मुंबईत जहाजावर काम करणाऱ्या एका माणसाकडून ती लेन्स घेतली. त्यासाठी राजदूत विकली. झाइसची आहे, असं तो माणूस म्हणाला होता. घरी आणल्यावर बाबांनी पुढच्या कड्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली : ‘आउस येना, एस, २.८/१८०, डीडीआर’. झाइस हा शब्द कुठेच नव्हता. त्या दिवसापासून काका फसले ते फसलेच.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना काका म्हणाले होते, “तुझ्या त्या इंटरनेटवर बघ की रे, हा एस म्हणजे काय ते.” मी हो म्हणालो. मग सबमिशन आलं, प्लेसमेंट आली, नोकरी लागली. २०१९च्या पुरात स्टुडिओतला कॅमेरा गेला. लेन्स घरी माळ्यावर होती म्हणून वाचली. २०२१मध्ये काका गेले.

गेल्या दिवाळीत काकूने जुन्या साडीत गुंडाळलेली लेन्स माझ्या हातात ठेवली. “विकून बघ. आलं काही तर आलं.” पुण्यातल्या एका दुकानदाराने ती उलटसुलट करून परत सरकवली. “डुप्लिकेट. ओरिजिनलवर कंपनीचं नाव असतं.”

त्या रात्री मला काकांचा प्रश्न आठवला आणि झोप लागेना.

कोड बिघडला की मी आधी गृहीतकं काढून टाकतो. इथेही तेच केलं. नाव बाजूला ठेवलं आणि वस्तू मोजली. लेन्स किलोभराहून जड. आत शटर नाही, म्हणजे ते कॅमेऱ्यात असणार. फोकस अनंतावर ठेवून ती खिडकीकडे धरली आणि मागे बटर पेपर धरला. समोरच्या टेकडीवरचा टॉवर कागदावर उलटा, लख्ख उमटला. बसवायच्या कड्यापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीवर साधारण ७४ मिलिमीटर भरलं. प्रतिमेचं वर्तुळ चांगलं आठ सेंटिमीटरचं. म्हणजे १२० रोलच्या चौकोनी, सहा बाय सहाच्या फ्रेमला पुरणारं. ७४ मिलिमीटरला हॅसलब्लाडही जवळ बसतो, पण त्या नेहमीच्या मॉडेलच्या लेन्समध्ये शटर असतं. उरला पेंटाकॉन सिक्स. पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा कॅमेरा. काकांच्या बुडालेल्या कॅमेऱ्यावर ‘पेंटा’ असं काहीतरी होतं, हे काकूलाही आठवलं.

मग अक्षरांकडे वळलो. डीडीआर म्हणजे पूर्व जर्मनी. आणि येना हे तर झाइसचं मूळ गाव. कार्ल झाइस यांनी १८४६मध्ये आपली कार्यशाळा तिथेच काढली. १९४५मध्ये आधी अमेरिकन सैन्य येनात आलं. गाव सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात देण्याआधी त्यांनी झाइसची ऐंशीच्या आसपास महत्त्वाची माणसं पश्चिमेकडे नेली. पश्चिम जर्मनीत ओबरकोखेनला नवा कारखाना उभा राहिला. येनातली बरीच यंत्रं सोव्हिएत लोकांनी उचलून नेली, तरी मागे राहिलेल्यांनी काम पुन्हा सुरू केलं. आमच्या भाषेत, कंपनीचा फोर्क झाला आणि दोन्हीकडे नाव एकच राहिलं. मग कित्येक वर्षं, अनेक देशांत कोर्टकचेरी. १९७१मध्ये लंडनला समझोता झाला आणि कोणी कुठल्या बाजारात कोणतं नाव वापरायचं, हे ठरलं.

पश्चिमेकडच्या ज्या बाजारांत झाइस हे नाव लावायला बंदी, तिथे जाणाऱ्या लेन्सवर येनावाले फक्त गाव लिहायचे. ‘आउस येना’ म्हणजे येनाहून आलेली. आपण सांगलीकर म्हणतो तसं, येनाकर. लेन्सचं नावही पूर्ण लिहायचं नाही, आद्याक्षर पुरे. टेसारचा टी. बायोटारचा बी.

आणि एस म्हणजे सोनार. १८० मिलिमीटर, एफ २.८. लुडविग बर्टेले यांच्या आराखड्यातून १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आलेल्या, आणि म्हणून ‘ऑलिंपिया सोनार’ म्हणवल्या गेलेल्या लेन्सची ही पुढची पिढी.

नाव नव्हतं, हीच तिची ओळख होती. ती बहुधा आधी पश्चिमेतल्या एखाद्या दुकानात विकली गेली असेल, मग बंदर, मग जहाज, मग मुंबई. तो माणूस खरं बोलला होता.

हे सगळं शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या. काकांनी विचारल्यानंतर माझ्याकडे पाच वर्षं होती.

काकूला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे ह्यांना फसवलं नव्हतं?”

“नाही काकू.”

“हे म्हणायचेच. नाव काय वाचताय, काच बघा. पण ऐकतंय कोण.” थोडं थांबून म्हणाली, “काय नाव म्हणालास तिचं? सोनार? बरं झालं. सोनारानेच कान टोचले सगळ्यांचे.”

बाबांना सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, पावसाचं बोलले. ठेवता ठेवता म्हणाले, “त्या लेन्सला बसेल असा कॅमेरा कुठं मिळेल का रे? विकू नको एवढ्यात.”