जुन्या मोटारींतील थंडावा

उन्हाळ्यांत माठांतील पाणी गार कां होतें, हें आमच्या बालवाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेलच. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडून जातें आणि जातांना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातें. मोटारींतील हवा गार करणारें यंत्र, ज्यास सर्वत्र 'एसी' म्हणतात, तेंही याच नियमानें चालतें. भेद एवढाच कीं, माठांतलें पाणी हवेंत मिसळून जातें. मोटारींतील वायु मात्र बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसरनें तो दाबून तप्त करावयाचा; रेडिएटरपुढील कंडेन्सरच्या जाळींत त्याची उष्णता बाहेरच्या वाऱ्यास देऊन त्याचा द्रव करावयाचा; मग अरुंद वाटेनें सोडून कूलिंग कॉइलमध्यें त्यास पुन्हां वाफ होऊं द्यावयाचें. तेथें तो गाडींतील हवेची उष्णता शोषून घेतो व पुन्हां कॉम्प्रेसरकडे येतो. यांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हा वायु पेट्रोलप्रमाणें जळून संपत नाहीं. वर्षानुवर्षें तो किंचित् झिरपतो, एवढेंच.

मोटारींत अशी सोय अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९३९ सालीं प्रथम देऊं केली. तिची कूलिंग कॉइल गाडीच्या मागील डिकींतली बरीच जागा अडवून बसे, आणि कॉम्प्रेसर बंद करावयाचा तर इंजिन थांबवून त्याचा पट्टा हातानें काढावा लागे! आज एक कळ दाबली कीं काम होतें. परंतु कळ सोपी झाली म्हणून आंतील व्यवहार समजून घेण्याची गरज संपत नाहीं, याचा अनुभव आम्हांस गेल्या चैत्रांत आला.

आमची मोटार अठरा वर्षांची आहे. आमच्या मातोश्रींस आठवड्यांतून दोनदां डायालिसिससाठीं बार्शीहून सोलापुरास न्यावें लागतें. अंतर सुमारें सत्तर किलोमीटर. त्यांनीं दिवसाकाठीं किती पाणी प्यावें, याचें माप डॉक्टरांनीं बांधून दिलें आहे. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. घशास कोरड पडली आहे आणि हवें तितकें पाणी पिण्याची मुभा नाहीं, अशा रुग्णास तापलेल्या गाडींत दीड तास बसविणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. तेव्हां गाडींतला थंडावा ही आमच्या घरीं चैनीची बाब नव्हती.

एका गॅरेजांत "गॅस कमी झाला आहे" असें सांगून तो भरून देण्यांत आला. पंधरा दिवसांत थंडावा पुन्हां मंदावला. दुसऱ्या ठिकाणीं बॉनेट उघडून पांच मिनिटें होतात न होतात तोंच, "कॉम्प्रेसर गेला, नवा बसवा," असा निकाल मिळाला. नव्या कॉम्प्रेसरची किंमत आमच्या महिन्याच्या वेतनास पेलण्यासारखी नव्हती. म्हणून आम्ही गांवांतील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों.

मिस्त्रींनीं हत्यारास हातही लावला नाहीं. ते म्हणाले, "मास्तर, औषध मागाहून. आधीं दुखणं कसं तें सांगा. गार कमी होतं, तें गाडी उभी असतांना कीं पळतांना? आणि वारा कमी येतो, कीं वारा भरपूर येऊन कोमट येतो?"

याचें उत्तर अदमासानें देण्यापेक्षां मोजून द्यावें, असें ठरलें. आमच्या नववींतील मुलानें एक वही केली आणि हवेच्या झडपेंत तापमापक धरून दोन दिवस आंकडे टिपले. गाडी रस्त्यानें धांवत असतां १५ अंश, फाटकापाशीं उभी असतां २३ अंश, आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवूनही वारा बेताचाच. ती वही पाहून मिस्त्री हंसले व म्हणाले, "पोरानं निम्मं काम केलं!"

मग स्वस्त कामापासून महाग कामाकडे, अशा क्रमानें तपास सुरू झाला. वारा कमी, म्हणून प्रथम हवा गाळणारा फिल्टर पाहिला. समोरील खणामागून तो काढला, तेव्हां त्यांत धुळीचा थर व निंबाचा पाला दाटून बसला होता. नवा फिल्टर बसवितांच वारा मोकळा झाला.

धांवतांना बरें आणि उभें राहतां वाईट, याचा अर्थ कंडेन्सरकडे बोट दाखवीत होता. गाडी धांवते तेव्हां समोरचा वारा आपोआप त्या जाळींतून जातो. गाडी उभी राहिली कीं सारी भिस्त पुढच्या विजेच्या पंख्यावर. एसी चालू केला तरी आमचा पंखा कसाबसा फिरे. मिस्त्रींनीं त्यास बॅटरीची वीज थेट जोडून पाहिली. तरीही गति तीच. म्हणजे फ्यूज व तारा निर्दोष, मोटरच झिजलेली. ती बदलली, आणि जाळींत अडकलेली माती व किडे मंद धारेच्या पाण्यानें धुऊन काढले.

त्यानंतरच दाबमापक जोडले. कॉम्प्रेसर निकामी असता तर कमी दाबाच्या बाजूचा कांटा वर व जास्त दाबाच्या बाजूचा कांटा खालीं दिसता. येथें दोन्ही कांटे खालीं होते. म्हणजे कॉम्प्रेसर बहुधा शाबूत, गॅस मात्र थोडा. आणि जो वायु संपत नाहीं तो कमी झाला, तर त्यास वाट कोठें तरी असलीच पाहिजे! गॅसबरोबर नळ्यांतून थोडें तेलही फिरतें, म्हणून गळतीच्या जागीं तेलकट डाग दिसतो. एका सांध्यावर तसा डाग होताच. उरलेला गॅस यंत्रानें काढून घेऊन नळ्यांत नायट्रोजन भरला व सांध्यावर साबणाचें पाणी लावलें, तों बारीक बुडबुडे उठूं लागले. दोष निघाला तो एका कडक झालेल्या रबरी कडीचा. ती बदलून, पंपानें नळ्यांतील हवा व ओलावा शोषून घेतला. अर्धा तास कांटा ढळला नाहीं, हें पाहून बॉनेटखालील चिठ्ठींत लिहिलें होतें तितकाच गॅस तोलून भरला. गॅस अधिक झाला तरीही थंडावा घटतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

उरलेला गॅस मिस्त्रींनीं हवेंत सोडला नाहीं, याचें महत्त्व विद्यार्थ्यांनीं जाणावें. जुन्या गाड्यांतील आर-१२ हा वायु पृथ्वीवरील ओझोनच्या आवरणास घातक ठरला, म्हणून १९८७ सालच्या माँट्रिअल करारानें त्यास आळा घातला. आमच्या गाडींतील आर-१३४ए ओझोनास अपाय करीत नाहीं. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें तेराशें ते पंधराशें पट उष्णता अडवून धरतो. गळती तशीच ठेवून दरवर्षीं गॅस भरणें म्हणजे पैसा आणि विष दोन्ही आकाशांत उडविणें होय.

येथें मुलांस एक सूचना. वहींत आंकडे टिपावे, फिल्टर पाहावा. पण नळ्यांचे सांधे घरीं उघडूं नयेत. सुटलेला वायु डोळे व कातडी गोठवितो. चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ व पंख्याजवळ हात नेऊं नये. बंद जागेंत इंजिन चालू ठेवूं नये, आणि लहान भावंडांस बंद गाडींत क्षणभरही एकटें सोडूं नये. उन्हांत तापलेल्या गाडींत बसतांना आधीं कांचा उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊं द्यावी. मग कांचा लावून आंतलीच हवा फिरवावी. थंडावा लवकर येतो.

सर्व खर्च नव्या कॉम्प्रेसरच्या किंमतीच्या पांचव्या हिश्शाहूनही कमी आला. नंतरच्या खेपेस धांवत्या गाडींत तापमापकानें ८ अंश दाखविले, उभ्या गाडींत १२. वैराग मागें पडलें तोंच मातोश्रींनीं खांद्यावर शाल ओढून घेतली आणि नातवास म्हणाल्या, "अरे, वारा जरा कमी कर." त्या दिवशीं त्यांच्या वांट्याचें पाणी सोलापूर येईपर्यंत बाटलींत शिल्लक होतें. मुलानें तेंही वहींत टिपून ठेविलें. पुढच्या चैत्राचे आंकडे लिहावयास त्या वहींत पुष्कळ पानें कोरीं आहेत.