दीड स्टॉप थंडी

मराठी माणसाला थंडी सोसत नाही, पण थंडीचा फोटो मात्र हवा असतो. त्यासाठी काश्मीरलाच जायला हवे असे नाही. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी उभे राहावे. रात्रभर जमीन आपली ऊब आभाळाला वाटून टाकते, गार हवा जड होऊन सखल भागात बसकण मारते आणि कधीकधी दव चक्क गोठते. मग तलावापासून लिंगमळ्यापर्यंत मोटारींच्या टपावर पांढरी साय!

अडचण एकच. हा कार्यक्रम ऊन चढेपर्यंतच असतो. म्हणजे अंधारात उठणे आले. आमची ही अशा वेळी रजईतून एकच डोळा बाहेर काढून विचारते, "कॅलेंडरवर असतात की असले फोटो. विकत का नाही घेत?" तिकडे दुर्लक्ष करून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी, थंडीत ती माणसाआधी मान टाकते. उन्हाची तिरीप कडेने येईल असे उभे राहावे, म्हणजे कण न् कण चमकतो. खोलीवर परतताना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधावा, नाहीतर उबेत शिरताच भिंगाला घाम फुटतो.

पण खरी गोम आहे कॅमेऱ्याच्या स्वभावात. कॅमेरा हा अंतर्बाह्य मध्यमवर्गीय. जगात फार पांढरे, फार काळे काही नसतेच, सगळे सरासरी करडे, अशी त्याची ठाम समजूत. पांढरेशुभ्र हिम दाखवले की "इतका उजेड परवडायचा नाही" म्हणून तो हात आखडता घेतो आणि फोटोत हिमाचे ओले सिमेंट होते. म्हणून त्याला दटावावे लागते : एक-दीड स्टॉप प्रकाश जास्त घे! मोबाइल असेल तर उजेडाची पट्टी बोटाने वर सरकवली की झाले.

एका पहाटे मी स्ट्रॉबेरीच्या शेताच्या बांधावर गुडघे टेकून होतो. पानापानाला पांढरी किनार. "वा! काय सुरेख पडलंय!" मी मोठ्यांदा म्हणालो. मागून मफलर गुंडाळलेले शेतमालक म्हणाले, "तुमाला पांढरं दिसतंय, सायेब. आमाला काळं."

त्यांनी आदल्या दिवशी गारठलेले एक फूल खुडून माझ्या हातावर ठेवले. पाकळ्या पांढऱ्या, मधला गोंडा काळा ठिक्कर. "ह्याला आता फळ न्हाई धरायचं." महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण थंडीला त्याची प्रत कुणी पाठवलेली दिसत नाही. मी रात्री ज्या थंडीसाठी देवाला साकडे घातले होते, ती टळावी म्हणून हे गृहस्थ त्याच देवाला विनवत होते. देवाची पंचाईत माझ्या तेव्हा ध्यानात आली.

"ह्याचा बी काढा की एक फोटू," ते म्हणाले. "पंचनाम्याला दावाया हुईल."

काढला. पांढऱ्या पानावर काळे फूल. निम्मे पांढरे, निम्मे काळे. कॅमेऱ्याचा सरासरीचा हिशेब त्या दिवशी अगदी बरोबर आला, दटावावे लागले नाही. दुपारी बाजारपेठेत दोन प्रती छापून त्यांना नेऊन दिल्या.

थंडीचे माझे बाकीचे फोटो पाहुण्यांना बळेच बसवून दाखवावे लागतात. कुणी आपणहून मागून घेतला, असा तो एकच.