खाणावळ



साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एस. टी. स्थानकातून बाहेर पडलात, की जवळपासच्या एखाद्या गल्लीत 'घरगुती खानावळ' अशी पाटी दिसतेच. भाषेचे विद्यार्थी या नात्याने तुम्ही त्या पाटीखाली क्षणभर थांबावे, असे मला वाटते. पाटीवर 'खानावळ' असले, तरी 'खाणे' या क्रियापदाशी नाते सांगणारे रूप 'खाणावळ' असे आहे. शिवणावळ म्हणजे शिवण्याची मजुरी, घडणावळ म्हणजे दागिना घडवण्याचा मोबदला, धुणावळ म्हणजे धुण्याचे दाम. 'खाणावळ' हा त्याच घडणीचा शब्द आहे. परंतु शिवणावळ म्हटल्यावर आपल्यापुढे शिंप्याचे दुकान उभे राहत नाही. खाणावळ म्हटल्यावर मात्र पैसे देऊन जेवण्याची जागाच उभी राहते. इंग्रजीतही असे घडले आहे. ठरावीक दरात मिळणाऱ्या जेवणाला तिकडे एके काळी 'ऑर्डिनरी' म्हणत; पुढे असे जेवण देणाऱ्या घरालाही तेच नाव पडले.

या भागातील खाणावळीत जेवायला बसणे म्हणजे बोलीचा एक पाठ घेणेच होय. भाकरीबरोबर जी भाजी किंवा कालवण येते, त्याला आमच्याकडे 'कोरड्यास' म्हणतात. कोरडी भाकरी घशाखाली उतरण्यासाठी जे लागते, ते कोरड्यास. 'चटणी' मागितलीत, तर ओल्या खोबऱ्याची वाटी येईलच असे नाही. इथे चटणी म्हणजे कांदा-लसणीचा तिखट मसाला. रोजची ती चपाती. 'पोळी' म्हटले, की पुरण आलेच. कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत, कोरेगावकडचा घेवडा, कराड-इस्लामपूर परिसरातील धाब्यांवरचा अख्खा मसूर, मिरचीचा खरडा : ताटातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ आपले गाव सांगतो.

ताट मात्र नेहमीच सर्वांना सारखे मिळत नव्हते. पंगतीत कोणी कोणाशेजारी बसायचे, हे दीर्घकाळ जन्माने ठरत आले. खाणावळीच्या नावातच दाम आहे. म्हणजे दाम देणाऱ्या कोणालाही तिथे पान मांडले जावे, असा तर्क आपण करू. मीही तो केला होता. १९८७ साली माण तालुक्यातून बी. ए.साठी सांगलीत आलो, तेव्हा ज्या पहिल्या खाणावळीत गेलो, तिथे मालकांनी दर सांगण्याआधी माझे आडनाव विचारले. ते ऐकल्यावर 'जागा नाही' म्हणाले. आत दोन पाट रिकामे होते.

त्या दिवशी मला साताऱ्याची आठवण झाली नसती, तरच नवल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. तिथे मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या मुलांच्या मुखी घास पडावा, म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. मंगळसूत्रही राखले नाही. आपल्या भागातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळांची संख्या मोजली जाते. चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांची मोजदाद सहसा होत नाही.

मला जेवू घालणारी मावशी अशीच एक. तिने आडनाव विचारले नाही. 'दोन्ही टायमाला येनार न्हवं?' एवढेच विचारले. ती शाळेत कधी गेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराशी एक दिनदर्शिका टांगलेली असे. जो मुलगा ज्या वेळी जेवायला येणार नसे, त्याचा त्या वेळचा 'खाडा' मावशी कोळशाने तिच्यावर मांडी. प्रत्येकाची खूण वेगळी : कोणाची फुली, कोणाची उभी रेघ, माझे वाटोळे. महिनाअखेरीस खाडे वजा करून हिशेब करण्याचे काम माझ्याकडे होते.

त्या वर्षी माणदेशात पाऊस झाला नाही. घरून मनिऑर्डर येईना. महिनाअखेरीस खाडे मोजू लागलो, तर माझी नऊ वाटोळी भरली. मी एकही वेळ चुकवली नव्हती. चुकवून जाणार तरी कुठे?

"मावशी, माझे नऊ खाडे कसे? मी तर रोज जेवलोय."

तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "मला लिव्हाय येत न्हाई, म्हनून खुनाबी करता येत न्हाईत व्हय रं? दिसतंय त्याची बेरीज कर."

मी बेरीज केली. आभार मानायचे मला सुचले नाही. खरे म्हणजे लाज वाटली. पुढे डॉक्टरेटच्या निमित्ताने चिन्ह आणि अर्थ यांच्या संबंधावर पुष्कळ वाचले. पण खोट्या खुणेत एवढा खरा अर्थ मावू शकतो, हे मी त्या दाराशी आधीच शिकलो होतो. नोकरी लागल्यावर 'या पगाराला जाऊ, पुढच्या पगाराला जाऊ' म्हणता म्हणता तीन वर्षे गेली. गेलो, तेव्हा पाटी उतरलेली होती आणि मावशी मुलीकडे गेली एवढेच शेजाऱ्यांना ठाऊक होते. नऊ वेळची खाणावळ माझ्याकडे अजून बाकी आहे.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून, बाहेरचा डबा खाऊन ही पुस्तिका वाचत असतील. काही भगिनी तर दहा जणांचे डबे भरून झाल्यावर ती उघडत असतील. तुम्हाला एक काम सुचवतो. आपल्या परिसरातील '-णावळ' प्रत्ययाचे शब्द आणि खाणावळीतले खास शब्द जमवा. ते सांगणाऱ्या व्यक्तीचे नावही तिच्या परवानगीने शब्दापुढे लिहा. आणि कोणाची खाणावळ देणे राहिली असेल, तर ती वेळेवर देऊन या.