उषाला वाचायचंय

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' मी डी.एड.ला असताना वाचलं. वसतिगृहात, खोलीतल्या मुली झोपल्यावर, टॉर्चच्या उजेडात. नाटक १९८१ सालचं आणि त्यातली मित्रा माझ्यासारखी, बाईवर जीव लावणारी. माझ्यासारखं कुणीतरी मला छापील पानावर पहिल्यांदा भेटत होतं आणि शेवटी ते मरत होतं. आपल्या वाट्याला हेच येतं, असं मी मनाशी धरून बसले. पुढची बरीच वर्षं ते सुटलं नाही.

२०१५ मध्ये 'बायोस्कोप' नावाचा मराठी चित्रपट आला. चार दिग्दर्शकांचे चार लघुपट, त्यातला रवी जाधवांचा 'मित्रा' तेंडुलकरांच्या याच गोष्टीवरचा. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा काळ, कृष्णधवल चित्रण आणि वीणा जामकरची मित्रा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाने तेव्हा पुन्हा लागू झालेलं होतं आणि त्याच काळात या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. शाळेतल्या बाकीच्या बायकांबरोबर मी तो सांगलीत पाहिला. पडद्यावर मित्रा बोलू लागली तसे माझे हात गार पडले. बाहेर पडताना एक सहकारी हळहळली, "बिचारीचं कसं गं व्हायचं?" तिला खरंच वाईट वाटलं होतं. पण मला त्या हळहळीत राहायचं नव्हतं.

त्यानंतर मी असे लघुपट शोधूनच पाहू लागले. निशित सरन या तरुणाने १९९९ मध्ये कॅमेऱ्यासमोर आईला आपलं खरं सांगितलं, तो 'समर इन माय व्हेन्स'. मुंबईच्या लोकलमधल्या दोन पुरुषांची, एकही संवाद नसलेली गोष्ट सांगणारा फराज अन्सारींचा 'सिसक'. रियाद वाडियांचा १९९६ मधला 'बॉमगे', ज्याच्या मुळाशी आर. राज राव यांच्या कविता आहेत. श्रीधर रंगायन यांच्या 'गुलाबी आईना'ला सेन्सॉरने प्रमाणपत्र नाकारलं. २०१० मध्ये त्यांनीच मुंबईत 'कशिश' हा महोत्सव सुरू केला आणि अशा चित्रपटांना रीतसर थिएटरचा पडदा मिळाला. या सगळ्यांनी मला धीर दिला. तरीही काहीतरी उरायचं. यातली माणसं शहरातली होती, नाहीतर शहराकडे निघालेली. मला निघायचं नव्हतं. माझी पहिलीची पोरं इथे, गावच्या शाळेत होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका असलेली माझी जोडीदारही इथेच होती.

अशात पुण्यात, एका छोट्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी रोहन कानवडे यांचा 'उ उषाचा' पाहिला. 'कशिश'च्याच 'क्यूदृष्टी' अनुदानातून बनलेला. उषा शेतमजूर आहे, एकटीने मूल वाढवते, तिला अक्षरओळख नाही. गावच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंकडे तिचं मन ओढलं जातं आणि त्या ओढीतूनच तिला लिहा-वाचायची इच्छा होते.

मी त्या शाळेतली बाई आहे. रोज असते. त्यामुळे हा लघुपट मी दोन्ही बाजूंनी पाहत होते. शिकावंसं वाटणं कशातून येतं, हे आमच्या प्रशिक्षणात कुणी नीट सांगत नाही. पोर अक्षर गिरवतं ते पुष्कळदा समोरच्या माणसासाठी, बाईंनी पाटी बघून मान हलवावी म्हणून. उषाची ओढ वेगळी, बाईला बाईची असते ती. पण तीही हातात पेन्सिल घेऊनच येते. प्रेमाने तिचं काही बिघडत नाही, उलट तिच्या आयुष्यात भर पडते. बाई बाईवर जीव लावते आणि त्यातून शहाणी होते, असं मराठीत मी तोवर कुठेच पाहिलं नव्हतं. शेजारी बसलेल्या माझ्या जोडीदाराने माझा हात धरला आणि दिवे लागल्यावरही सोडला नाही.

पुढे 'उल्लास' कार्यक्रम आला. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवायचं काम आम्हा शिक्षकांकडेही आलं. संध्याकाळी रानातून आलेल्या बायका वर्गात बसायच्या. त्यांची बोटं खुरप्याला सरावलेली, त्यामुळे पेन्सिल फार दाबून धरायच्या आणि टोक मोडायचं. मी बोटं सैल करून द्यायची. दर वेळी मला उषा आठवायची.

६ सप्टेंबर २०१८, शिक्षक दिनाच्या दुसऱ्या दिवशी, ३७७ मधून आम्ही सुटलो. पण कायद्याने सुटणं आणि कायद्याला दिसणं यात अंतर आहे आणि माझ्या बाबतीत ते किलोमीटरमध्ये मोजता येतं. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांमध्ये पती-पत्नी एकत्रीकरणाची सोय आहे. दोघांच्या नोकऱ्यांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर प्राधान्य मिळतं. माझी बदली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला झाली आणि अंतर तिसाच्या कितीतरी पुढे गेलं. फॉर्म भरताना तो रकाना मी रिकामा सोडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, तेव्हा मला आठवला तो हाच रकाना. लोकांना लग्न म्हटलं की मांडव दिसतो. मला दिसते संध्याकाळची शेवटची एसटी.

आईला मी 'उ उषाचा' फोनवर दाखवला. काही समजावून सांगितलं नाही, नुसता लावून दिला. तिने चष्मा पुसून पुसून पाहिला. संपल्यावर म्हणाली, "बाई चांगली मिळाली तिला." मग जरा थांबून विचारलं, "तुझी ती सिस्टर एवढ्या लांबनं रोज ये-जा करती का अजून?" आमच्याबद्दल तिने आपणहून विचारलं, ते हेच पहिल्यांदा.

त्याच कानवडेंच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात परीक्षकांचं मोठं पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या, यांची ती गोष्ट. वाटतं, सुतकातल्या घरातसुद्धा आमच्यासारख्यांना जागा असते, हे आता मराठीत जगापुढे मांडलं गेलंय.

मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. कोल्हापुरात बी.ए.ला आहे. त्याला दोन मुलांच्या मैत्रीवर, मैत्रीपेक्षा जास्त असलेल्या मैत्रीवर, पंधरा मिनिटांचा लघुपट करायचाय. फोनवरच शूट करणार, मित्रांनी वर्गणी काढलीय. एका रविवारी शाळेचा वर्ग मिळेल का, असं विचारत होता. "बाई, सरांना शैक्षणिक फिल्म आहे असं सांगू या का?" मी त्याला नको म्हटलं. मुख्याध्यापकांकडे अर्ज मी देणार आहे आणि त्यात विषय जसा आहे तसाच लिहिणार आहे.