अर्धी गोळी आणि बारा टोपल्या



मागच्या महिन्यात महिला सभेत बोलायला मला विषय मिळाला, "घरखर्चात बचत". पाळकीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे हिशेबाची वही आहे, तुम्ही चांगलं सांगाल." मी सांगितलंही. बहिणींनी कागदावर लिहून घेतलं. पण घरी येताना माझं मन मला खात होतं. त्या वहीने माझ्या घरात एक चांगलं काम केलं आणि एक वाईट. सभेत मी फक्त चांगलं सांगितलं. राहिलेलं आज इथे लिहिते.

माझं माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं. 2023 मध्ये हे दोन तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, त्याआधी कलेक्टर कचेरीच्या प्रत्येक कामाला छिंदवाड्याची वाट धरावी लागायची. आमच्या भागात पैसा येतो तो संत्र्यावर, कापसावर आणि मजुरीवर. हंगामात हातात चार पैसे असतात, मग मधले महिने कोरडे जातात. म्हणून बचत ही आमच्याकडे हौसेची गोष्ट नाही. माझी आई उन्हाळ्यात गवार, भेंडी, कोहळ्याचे सांडगे वाळवून ठेवायची आणि पावसाळ्यात भाजी महागली की डबा उघडायची. वही तिच्याकडे नव्हती. तिचा हिशेब डब्यांमध्ये होता.

वही मी सुरू केली ती तीन वर्षांपूर्वी. मिस्टर ज्या ठिकाणी कामाला होते तिथली त्यांची पाळी बंद झाली. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. चार महिने पगार नव्हता. पहिल्याच रात्री मी शाळेच्या जुन्या वहीतली कोरी पानं शिवली आणि ठरवलं की रुपया गेला की इथे लिहायचा.

लिहायला लागल्यावर गळती दिसू लागली. पहिली विजेची. आपल्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेप्रमाणे महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत राहिला, तर पहिल्या 100 युनिटांचं बिल 100 रुपयेच येतं. 150 ओलांडलं की त्या महिन्याची सवलत गेली. म्हणजे 148 आणि 155 यांत फरक सातच युनिटांचा, पण बिलात तो शेकड्यांनी दिसतो. आमच्याकडे स्वयंपाकघरात आणि ओसरीत 60 वॉटचे दोन पिवळे बल्ब होते. एक बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला 9 युनिटं खातो. त्याच जागी 9 वॉटचा एलईडी लावला की दीड युनिटही लागत नाही. दोन बल्ब बदलले आणि आम्ही 150 च्या आत आलो. तेव्हापासून दर रविवारी मोठा मुलगा मीटर बघून आकडा वहीत टाकतो.

दुसरी गळती गॅसची. तूरडाळ अर्धा तास भिजवली की लवकर शिजते. एकाच कुकरमध्ये खाली डाळ, वरच्या डब्यात भात आणि बाजूला दोन बटाटे ठेवले की तीन कामं एका आंचेवर होतात. पहिली शिटी झाली की आंच बारीक करायची, कारण मोठ्या आंचेने डाळ लवकर शिजत नाही, वाफच जास्त बाहेर जाते. रात्रीच्या पोळ्या उरल्या तर सकाळी फोडणीची पोळी. सांबाराच्या काड्या फेकायच्या नाहीत, त्यांची हिरव्या मिरचीबरोबर चटणी होते. संत्र्याची सालं वाळवून ठेवली की भांडी घासायला येतात. बाजारात जाताना चिठ्ठी घेऊन जायचं आणि पोट भरून जायचं. उपाशीपोटी गेलं की पिशवीत नको ते येतं.

तिसरी गळती उधारीची, आणि तीच सगळ्यांत मोठी. शेकडा 3 रुपये महिना म्हणजे ऐकायला थोडं वाटतं. पण 10,000 वर महिन्याला 300 आणि वर्षाला 3,600 रुपये नुसतं व्याज जातं, मुद्दल तिथेच राहतं. म्हणून बायांनो, बचत गट सोडू नका. गटांना बँकेशी जोडण्याचं काम नाबार्डने 1992 मध्ये सुरू केलं आणि आज आपल्या गावागावांत गट आहेत. अडचणीला गटातून उचललेल्या पैशाचं व्याज आपल्याच गटात राहतं. ज्यांना जमेल त्यांनी पोस्टात आवर्ती ठेव उघडावी. महिन्याला 100 रुपयांपासून ती सुरू होते, पाच वर्षांची असते. नाताळासाठी मी जानेवारीतच एक डबा ठेवते. आठवड्याला 50 रुपये टाकले की 48 आठवड्यांत 2,400 होतात, आणि डिसेंबरात मुलांच्या कपड्यांसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

इथपर्यंत सभेत सांगितलं होतं. आता पुढचं.

त्या चार महिन्यांत मला वहीचा अभिमान चढला. रविवारी रात्री कुटुंबाची प्रार्थना झाली की मी वही काढून सगळ्यांसमोर वाचायचे. या आठवड्यात दुधावर इतके, साबणावर इतके, मागच्यापेक्षा इतके कमी. मुलं गप्प बसून ऐकायची. खर्च जास्त झाला की माझ्या कपाळावर आठी यायची. तिसऱ्या महिन्यात वाचताना मी म्हणाले, "या वेळी औषधांचे पैसे निम्म्यावर आले, परमेश्वराची कृपा." मिस्टर "बरं झालं" म्हणाले. निम्म्यावर कसे आले, हे मी विचारलं नाही. सासूबाई खाली बघून बसल्या होत्या.

पंधरा दिवसांनी त्या सकाळी मोरीपाशी चक्कर येऊन पडल्या. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बीपी पाहिलं आणि मला विचारलं, "गोळी रोज घेतात ना?" मी म्हटलं, "हो, रोज." घरी येऊन त्यांचं सामान आवरताना चष्म्याच्या डबीत कागदाची पुडी सापडली. तिच्यात अर्ध्या अर्ध्या गोळ्या होत्या, विळीने कापलेल्या.

मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली. त्या म्हणाल्या, "तुह्या वहीत माह्याच औषधाचा आकडा सर्‍यात मोठा व्हता, बाई. म्या म्हटलं, तेवढेच पैसे वाचतीन."

प्रिय वाचकांनो, परमेश्वराने त्यांना राखलं. हाताला मुका मार लागला, त्यापलीकडे काही झालं नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यांना मी कधी "औषध कमी करा" म्हटलं नव्हतं. म्हणण्याची गरजच पडली नाही. दर रविवारी मी आकडे वाचत होते आणि घरातली सगळ्यांत म्हातारी बाई त्यात स्वतःला खर्च म्हणून ऐकत होती. तीही प्रार्थना संपल्याबरोबर, आमेनच्या पाठोपाठ.

त्या आठवड्यात मी योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पुन्हा वाचला. पाच भाकरी, दोन मासे, पाच हजार पुरुष आणि शेवटी तुकड्यांच्या बारा टोपल्या. बचतीवर बोलताना हा उतारा मी नेहमी सांगायचे. काही वाया जाऊ नये म्हणून प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले. बघा, आपला प्रभूही काटकसर शिकवतो! पण या वेळी माझी नजर क्रमावर गेली. तुकडे गोळा करण्याची आज्ञा सगळे जेवून तृप्त झाल्यावर आली आहे. प्रभूने लोकांना निम्मंच वाढून टोपल्या भरल्या नाहीत. आधी माणसं पोटभर जेवली, मग तुकडे वेचले. मी उलटं करत होते. माझ्या टोपलीत जे साठत होतं ते कोणाच्या तरी ताटातलं होतं.

सारफथच्या विधवेचंही तसंच. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल होतं. दुष्काळात तिच्यापेक्षा काटेकोर हिशेब कोणाचा असणार? तरी तिने आधी एलीयाला भाकर करून दिली, आणि मडक्यातलं पीठ सरलं नाही. मिझोरामच्या मंडळ्यांत 1910 पासून एक रीत आहे. स्वयंपाकाला तांदूळ काढताना प्रत्येक घरची बाई एक मूठ मंडळीसाठी बाजूला ठेवते. गरीब घरातही ती मूठ निघते, आणि अशा मुठींवर तिथल्या मंडळीचं मोठं काम चाललं आहे. पगार बंद झाल्यावर मी मात्र सगळ्यांत आधी दानाची पाकिटं बंद केली होती. वहीत ती ओळ खोडताना मला सोपं गेलं, कारण दान तक्रार करत नाही. सासूबाईंनीही केली नव्हती.

आता वही तीच आहे, पण पहिलं पान वेगळं आहे. त्यावर चार ओळी आहेत, ज्यांत कपात करायची नाही. औषध, मुलांची शाळा, दूध आणि परमेश्वराचा भाग. बचत करायची ती या चार ओळींच्या खाली. आणि औषधाचा खर्च कमी करायचा तर गोळी कापून नाही, त्याला सरळ मार्ग आहेत. जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची जेनेरिक गोळी पुष्कळ स्वस्त मिळते. चिठ्ठी डॉक्टरांना दाखवून मगच बदला. सरकारी दवाखान्यात बीपीची तपासणी करून घ्या, तिथे गोळ्या मोफत मिळतात. घरात 70 वर्षांवरचं कोणी असेल तर त्यांचं आयुष्मान कार्ड काढा. ऑक्टोबर 2024 पासून ते उत्पन्न न पाहता मिळतं, आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचाराला उपयोगी पडतं. हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. विचारायला मला लाज वाटली. सासूबाईंना सांगायची लाज वाटली.

एक विनंती करते. या आठवड्यात तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची औषधाची डबी स्वतः उघडून बघा. गोळ्या मोजा. मुलांच्या चपला उलट्या करून तळ बघा. "काही हवंय का?" असं नुसतं विचारू नका, कारण काटकसरीच्या घरात त्याचं उत्तर नेहमी "नाही" असंच येतं.

मिस्टरांना नंतर दुसरीकडे काम मिळालं. रविवारी मी अजून वही वाचते, पण प्रार्थनेच्या आधी. आणि वाचायला सुरुवात सासूबाई करतात. त्यांना अक्षरं नीट दिसत नाहीत, पण पहिलं पान पाठ आहे. "औषध," त्या मोठ्याने म्हणतात, आणि धाकटा गोळीची पट्टी दाखवून म्हणतो, "आजी, सात गेल्या, बरोबर आहे."

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू दिलेलं वाया जाऊ नये म्हणून आम्हाला सावध ठेव. पण वाचवण्याच्या नादात आमच्याच घरातलं कोणी अर्धं राहू नये, हे बघायला डोळे दे. ज्यांच्या घरी आज पगार नाही त्यांचं पीठ सरू देऊ नको, आणि त्यांच्या दारापर्यंत जायला आमचे पाय हलव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.