अंगणाखालचे तेल

महसूल खात्यात हयात गेल्यामुळे घर घेणाऱ्यास आमचे प्रश्न ठरलेले असतात. खसरा पाहिला का, नामांतरण झाले का, बँकेचा बोजा तर नाही? अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात आमच्या कन्येने व जावयांनी जुने घर पसंत केले, तेव्हा आम्ही तेथेच होतो. त्यांच्या वकिलाने मात्र प्रथम विचारले, अंगणात तेलाची टाकी पुरलेली आहे काय?

माळव्यातील माणसास हा प्रश्न चमत्कारिक वाटावा. आपली थंडी रजई आणि शेगडीवर भागते. तिकडे हिवाळ्यात सारे घर तळघरातील भट्टीने उबदार ठेवावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर ईशान्येकडील राज्यांत कोळशाऐवजी तेलाच्या भट्ट्या पुष्कळ घरांत आल्या. त्या तेलासाठी पोलादी टाकी अंगणात पुरीत. ५५० गॅलनची, म्हणजे सुमारे २,००० लिटरची टाकी सर्रास आढळते. पुढे नैसर्गिक वायू आला, भट्टी बदलली, टाकी तेथेच राहिली. वर हिरवळ माजली, घराचे मालक बदलले, आणि टाकीची आठवणही बुजली.

पोलाद बाहेरून ओल्या मातीने गंजते, आतून तळाशी साचलेल्या पाण्याने. बारीकसे भोक पडले तरी तेल वर्षानुवर्षे झिरपत राहते, कधी भूजलापर्यंत जाते. केंद्र सरकारच्या १९८८ च्या भूमिगत टाक्यांविषयीच्या नियमांतून घर तापविण्याच्या तेलाच्या टाक्या वगळलेल्या आहेत. न्यू जर्सीचा १९७६ चा कायदा मात्र कडक आहे. जमीन दूषित असल्याचे ज्याला कळावयास हवे होते, अशा नव्या मालकावरही सफाईची जबाबदारी येऊ शकते. घराच्या विम्यात हा खर्च पुष्कळदा धरलेला नसतो. घराच्या नेहमीच्या तपासणीत जमिनीखालचे कोणी पाहत नाही. त्यासाठी वेगळा माणूस बोलवावा लागतो.

तळघराच्या भिंतीतून तांब्याच्या दोन कापलेल्या नळ्या डोकावत होत्या. भिंतीलगत जमिनीतून वर आलेला निरुपयोगी लोखंडी नळ दिसला, तरी संशय घ्यावा म्हणतात. धातुशोधक यंत्र घेऊन आलेला माणूस शेत नांगरावे तसा हिरवळीवर फिरला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्याने चार झेंड्या रोवल्या.

दलालाचे म्हणणे, टाकीत वाळू भरलेली आहे, काळजी नको. दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, हेही त्याने सुचविले. कन्येचे मन त्या घरात गुंतले होते. आम्ही विचारले, वाळू भरल्याचा दाखला कोठे आहे, आणि त्या वेळी खालची माती तपासली होती काय? वाळू टाकीत असते, गळती टाकीबाहेर. वकिलांनीही तोच आग्रह धरला. अखेर नगरपालिकेच्या परवान्याने टाकी उपसली. खड्ड्यातून तेलाचा वास आला आणि प्रयोगशाळेने तो खरा ठरविला.

धड टाकी काढावयास काही हजार डॉलर लागतात. माती दूषित निघाली की आकडा कितीतरी पटींनी वाढतो. तो भार विकणारीवर पडला. ती वृद्ध विधवा होती. घर घेताना तिला व तिच्या यजमानांना कोणी टाकीविषयी सांगितले नव्हते. पुढील कारवाईची गरज नसल्याचे राज्याच्या पर्यावरण खात्याचे पत्र येईपर्यंत चार महिने व्यवहार थांबला. त्या काळात आमची कन्या दोनदा तिच्याकडे जाऊन आली. काय बोलणे झाले, ते तिने आम्हांस सांगितले नाही.